पितळी दाता आणि पान अकरा

जिन्याखालच्या सहा फुटांच्या जागेत घड्याळजींनी एकेचाळीस वर्षं काढली. वर शिवणाचा क्लास. दहा-बारा मशिनी एकदम धावू लागल्या की खाली टेबलावरचे स्क्रू नाचायला लागत, म्हणून टेबलाच्या कडेनं त्यांनी बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकून घेतली होती. त्या गोंगाटात मनगटी घड्याळ कानाशी धरायचं आणि त्याला काय होतंय ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. डाव्या डोळ्यावर भिंग चढवून चढवून त्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उमटला होता. त्यांची बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा तुम्ही माझ्यातली खोट शोधताय असं वाटतं."

या धंद्यातली एक गोष्ट गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. दुरुस्ती झाली की झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख कोरायची आणि शेजारी आपली खूण. घड्याळजींची खूण म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात तिरकी रेघ. ज्वारीच्या दाण्याहून लहान. घड्याळ पुन्हा आलं तर ते शेवटचं कुणी आणि कधी उघडलं हे लगेच कळतं. आत दुसऱ्या कुणाची खूण दिसली की घड्याळजी झाकण मिटत आणि घड्याळ काउंटरवरून परत सरकवत. "दुसऱ्याचा हात लागलाय. आता माझी जबाबदारी नाही." हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की ते बोलताना त्यांना समोरच्याकडे बघावंही लागत नसे.

गाडी घेतली ती बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. तीस वर्षं कोर्टात निकालपत्रं टाइप करून बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात एक करड्या रंगाची, लहानशी, नवी कोरी गाडी स्वतःच्या नावावर घेऊन आल्या. चालवायची घड्याळजींनी, शेजारी बसायचं बाईंनी, असं ठरलं. पहिल्याच सकाळी घड्याळजींनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"डोकं बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "मला हे मिटायचंय."

"अगं, नुसतं बघतोय."

"तुमचं नुसतं बघणं मला माहीत आहे. आपल्या लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ नुसतं बघायला घेतलंत, ते अजून पिशवीत आहे."

गाडीबरोबर वॉरंटीची पुस्तिका आली होती. अशी पुस्तिका कुणी वाचत नाही. बाईंनी ती लाल पेन्सिल घेऊन तीन दिवसांत वाचली आणि चौथ्या दिवशी जेवताना नवऱ्याला ऐकवायला घेतली.

"तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते."

"लाख किलोमीटर जाऊन आपण करणार काय?"

"म्हणजे आपल्याला तीन वर्षं. आता काय नाही ते ऐका. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी ज्यांनी ती बनवली त्यांची, गाडीच्या कंपनीची नाही. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, वायपरचं रबर, बल्ब, फिल्टर ही वापरून झिजणारच, म्हणून ती नाहीत. उंदरानं वायर कुरतडली, नाही. पुराचं पाणी शिरलं, नाही. तुम्ही कुठे ठोकलीत, तर त्याला विमा, वॉरंटी नाही. पाखरांनी घाण करून रंग खराब केला, तरी नाही."

"मग राहिलं काय? स्टिअरिंगचा वास?"

"कंपनीनं जे चुकीचं बनवलं किंवा चुकीचं बसवलं ते सगळं. इंजिन, गिअर, स्टिअरिंग, एसी, विजेवर चालणारं सगळं. पण सर्व्हिस वेळेवर करायची, गाडी चाललेली असो की उभी असो. ती त्यांच्याच सेंटरमध्ये करायची आणि पावत्या जपायच्या." बाईंनी पेन्सिलीचं टोक पानावर टेकवलं. "आणि बाहेरच्या माणसानं काही उघडलं तर नाही."

"मी बाहेरचा?"

"मी तुम्हाला घरचे मानते. कंपनी मानत नाही."

घड्याळजी भाताशी खेळत राहिले.

"हेही आहे बरं का," बाई म्हणाल्या, "गाडी बंद पडल्यामुळे होणारा मनस्ताप वॉरंटीत येत नाही."

"तो कुठल्याच वॉरंटीत येत नाही," म्हणत घड्याळजी ताट घेऊन उठले.

चौथ्या महिन्यात आवाज सुरू झाला. एसी लावला आणि हवा पायाकडून तोंडाकडे वळवली की डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, आत खोल, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. बाईंना तो ऐकूच येत नव्हता. घड्याळजींना त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकच वाक्य सारखं अर्ध्यात सोडत असावं, तसं त्यांना वाटे. रस्त्यात सिग्नल हिरवा झाला तरी ते मान तिरकी करून बसून राहत आणि मागचे हॉर्न वाजवत.

दोनदा ते सेंटरला जाऊन आले. काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र, कागदी पेले, आणि हातात टॅब्लेट घेतलेली, सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणणारी सल्लागार मुलगी. दोन्ही वेळा ती शेजारी बसून एक चक्कर मारून आली. दोन्ही वेळा आवाज मूग गिळून बसला. दोन्ही वेळा तिनं कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही.'

"नॉर्मल आहे, सर."

"नॉर्मल असता तर सरळ वाजला असता. हा मध्येच एक ठोका खातोय."

"तिसऱ्यांदा जाऊ," बाई घरी म्हणाल्या आणि दोन्ही कागद पुस्तिकेत नीट घालून ठेवले. "लेखी तक्रार फुकट जात नाही. तुम्ही फक्त हात आवरा."

हात आवरले सतरा दिवस. अठराव्या दिवशी रविवार होता आणि बाई दुपारी मैत्रिणीकडे गेल्या होत्या. घड्याळजी हत्यारांचा डबा घेऊन इमारतीखाली गेले. गाडीचा डावा कप्पा काढला, आत हात घातला, आणि तळहाताएवढी एक काळी डबी बाहेर आली. हवेची झडप वळवणारी मोटर. दोन स्क्रू. झाकण उघडल्यावर आत तीन पांढरी प्लॅस्टिकची दातेरी चाकं दिसली आणि मधल्या चाकाचा एक दाता अर्धाच होता. मोडलेला नव्हे. साच्यातूनच अर्धा निघालेला. त्या चाकाला जन्मापासून एक दाता कमी होता, आणि ते बिचारं दर फेऱ्याला तिथे अडखळत होतं.

घड्याळजींनी तेव्हा झाकण लावायला हवं होतं. कंपनीनं चुकीचं बनवलेलं म्हणजे काय, ते असं तळहातावर धडधडीत पडलं होतं. हे सेंटरच्या टेबलावर ठेवलं असतं तर नवी मोटर मुकाट्यानं मिळाली असती. पण समोर एक चाक अडखळतंय आणि आपण ते दुसऱ्याकडे घेऊन जायचं, हे त्यांच्या हातांना पटलं नाही. त्यांनी अर्धा दाता कापला, तिथे बारीक चीर पाडली, पितळेचा तुकडा बसवला आणि कानशीनं घासत घासत शेजारच्या दात्यांसारखा केला. दोन तास गेले. मान आखडली. एवढा आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. आणि झाकण लावण्याआधी हात आपण होऊन सुईकडे गेला. तारीख. वर्तुळ. तिरकी रेघ.

संध्याकाळी बाईंना आणायला ते स्वतः गाडी घेऊन गेले.

"आज मान सरळ दिसतेय," बाई म्हणाल्या. "आवाज गेला की काय?"

"आवाजांचं काय, येतात, जातात."

तीन आठवड्यांनी, ऐन उकाड्यात, एसीनं गार हवा देणं बंद केलं.

घड्याळजींनी पटकन खिडकीची काच खाली केली. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "बघा! एसी वॉरंटीत आहे. पान नऊ. उद्या सकाळी जायचं."

"कशाला? खिडक्या उघडू. काय छान वारा येतो."

"तीस वर्षं कुरकुरणाऱ्या पंख्याखाली टाइप केलंय मी. आता मला गार हवा पाहिजे."

त्या रात्री घड्याळजींना नीट झोप लागली नाही. उद्या ते डॅशबोर्ड उघडणार. आत त्यांना पितळ दिसणार, आणि ते कमी पडलं तर तारखेसकट खूण दिसणार. मग एसीची वॉरंटी जाणार. एसीचीच जाईल की सगळ्या गाडीची? अजून अडीच वर्षं उरली होती. गाडी बाईंच्या नावावर, पुस्तिका बाईंनी वाचलेली, अट बाईंनी तोंडावर ऐकवलेली. आणि घालवणारा हात यांचा.

सेंटरमध्ये या वेळी म्हातारा फोरमन होता. पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. घड्याळजींनी "मी आत येऊन बघू का?" असं इतक्या दीनवाण्या आवाजात विचारलं की त्यानं "या काका" म्हटलं. बाई काचेपलीकडे कॉफी घेऊन बसल्या, मांडीवर पुस्तिका. फोरमननं बॉनेट उघडून नळीला मीटर लावलं.

"गॅस संपलाय सगळा. कुठेतरी गळतोय. पुढचं बघतोच, पण आधी आतली बाजू मोकळी करून ठेवतो." त्यानं डावा कप्पा काढला, काळी डबी सोडवून वायरीवर लोंबती ठेवली, तेवढ्यात त्याला कुणीतरी फोनवर बोलावलं.

घड्याळजी एकटे राहिले. डोक्यावर ट्यूबलाइटचा लखलखीत उजेड. त्या उजेडात त्यांना, इमारतीखालच्या अंधारात दिसलं नव्हतं ते दिसलं. गाडीच्या प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पत्र्यावर. डबीच्या दोन स्क्रूंवरचे ठिपके तेवढे चिरलेले होते. म्हणजे यांचीही खूण असते. म्हणजे फोरमन बघणार आणि उघडणारच.

शेजारच्या ट्रेमध्ये स्क्रू ड्रायव्हर पडला होता. त्यांनी तो उचलला, झाकण काढलं. पितळी दाता जसाच्या तसा होता, जराही झिजलेला नाही. तो उपटून टाकायचा आणि खूण सुईनं खरवडायची, की झालं. उरतं ते एक बिघडलेलं चाक, कंपनीचंच. सुई खिशात होती.

त्यांनी सुई टेकवली आणि तशीच धरून राहिले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी किती झाकणांवर ही खूण कोरली होती त्याचा हिशेब नव्हता, पण पुसली एकही नव्हती. चांगल्या कामावरची तर कधीच नाही. आणि का कोण जाणे, त्यांना एक नर्स आठवली. मागच्या वर्षी घड्याळ घेऊन आलेली, पांढऱ्या पट्ट्याचं. किल्ली फिरत नाही, म्हणाली होती. आत दुसऱ्याची खूण दिसल्याबरोबर त्यांनी घड्याळ परत सरकवलं होतं. किल्ली का फिरत नाही ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. ती "बरं" म्हणून गेली होती.

"काका, काय चाललंय?"

फोरमन मागे उभा होता. घड्याळजींच्या एका हातात झाकण, दुसऱ्या हातात सुई.

"माझं आहे हे," घड्याळजी म्हणाले.

"गाडी तुमचीच आहे की."

"गाडी हिची. हा दाता माझा."

फोरमननं डबी घेतली, उजेडाखाली धरली. डोळे बारीक केले. घड्याळजींनी खिशातलं भिंग पुढे केलं. फोरमन बराच वेळ बघत राहिला.

"हातानं घासलाय?"

"मग काय, दातानं?"

"आणि ही गोल खूण?"

"माझी. तारीखही आहे. दाता साच्यातूनच अर्धा निघाला होता, तो मी पुरा केला."

"तीस वर्षांत गाड्यांमध्ये नाही नाही ते लोक बघितले," फोरमन म्हणाला. "गुपचूप उघडून सही ठोकून जाणारा पहिलाच."

तो हसला, पण त्याच्या मागोमाग आलेली सल्लागार मुलगी हसली नाही. तिनं टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि काच सरकवून बाईंना आत बोलावलं. "मॅडम, एसी बाहेर उघडला गेलाय. एसीचा क्लेम नाकारावा लागेल."

फोरमननं अर्ध्या दात्याची गोष्ट सांगितली तशी बाईंनी डबीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजींना आयुष्यात प्रथमच वाटलं, आत्ता डोक्यावर तो शिवणाचा क्लास धडधडत असता तर बरं झालं असतं.

"तुमच्याशी घरी बोलते," बाई म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या आणि आवाज बदलला. तीस वर्षं ज्या आवाजात निकाल वाचले जाताना त्यांनी ऐकले होते, तो आवाज. "पान अकरा. बाहेरच्या माणसानं उघडल्यामुळे किंवा फेरफार केल्यामुळे जो बिघाड होईल, तो वॉरंटीत नाही. बरोबर?"

"हो मॅडम. म्हणूनच."

"मग गॅस यांच्या उघडण्यामुळे गेला का? कुठून गळतोय ते तुम्ही अजून शोधलेलंच नाही. आधी शोधा, मग नाकारा."

"पण मॅडम, फॉर्ममध्ये 'बाहेर उघडले' एवढाच पर्याय येतोय."

"पर्याय नसेल तर पेनानं लिहा. आम्ही दोनदा तक्रार केली. दोनदा तुम्ही दोष आढळला नाही असं लिहून दिलंत." पुस्तिकेतून दोन्ही कागद बाहेर आले. "अर्धा दाता तेव्हाही आतच होता."

"तिचं काय चुकलं?" घड्याळजी हळूच म्हणाले. "मीही असंच करतो दुकानात."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही पुरावा आहात."

फोरमननं तोपर्यंत निळा दिवा आणला होता. गॅसबरोबर नळ्यांत फिरणारं रंगीत तेल त्या उजेडात चमकतं, आणि जिथे गळतं तिथे डाग दिसतो. तो डाग डॅशबोर्डच्या आसपास कुठेच नव्हता. तो निघाला पार पुढे, बॉनेटखाली, दोन नळ्यांच्या जोडावर. हिरवा, काजव्यासारखा.

"हा जोड," फोरमन म्हणाला. "आतली रबराची रिंग बसवतानाच कापली गेलेली दिसतेय."

"पण सरांनी तोही उघडला नसेल कशावरून?" मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. बाईसुद्धा थबकल्या आणि नवऱ्याकडे संशयानं पाहू लागल्या.

घड्याळजी पुढे वाकले. डाव्या डोळ्यावर भिंग चढवलं. आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला दुकानातली धार आली.

"इकडे ये, बाळ. हा पिवळा ठिपका बघ. अर्धा नटावर, अर्धा नळीवर. कुठे तडा दिसतो? नाही. माझ्या स्क्रूंवरचे दोन्ही चिरलेत. हा अखंड आहे. हा कंपनीनं लावल्यापासून कुणी उघडलेला नाही. मीही नाही आणि तुम्हीही नाही."

मुलगी वाकली. भिंगातून एकदा तो ठिपका पाहिला, मग जाऊन डबीवरचे पाहून आली. पुन्हा वाकली.

"हे ठिपके मी रोज बघते," ती म्हणाली. "ते कशासाठी असतात ते कुणी सांगितलंच नव्हतं."

तिनं टॅब्लेट बाजूला ठेवला आणि कागद घेतला. जोड आणि रिंग, कंपनीची चूक, वॉरंटीत. गॅस? तो नुसता भरून हवा असता तर गिऱ्हाइकाचा खर्च. पण वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी लागतोय, म्हणून तोही वॉरंटीत. बाकी गाडीची वॉरंटी होती तशीच. फक्त हवेची झडप वळवणारी डावी मोटर यापुढे वॉरंटीबाहेर.

"अर्ध्या दात्यासकट घेऊन आला असतात तर नवी मिळाली असती, काका," फोरमन म्हणाला. "आता बदलायची तर तुमच्या खर्चानं. बदलू?"

"चालतेय ना?" बाईंनी विचारलं.

"आमच्या नवीपेक्षा चांगली चालतेय."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि वाक्यन् वाक्य वाचून खाली सही केली.

दुपारी गाडी मिळाली. बाहेर ऊन भाजत होतं, आत हवा अशी गार की बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मला सांगायला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या.

"तू पेन्सिल घेऊन बसली असतीस."

"बसलेच असते. माझ्या गाडीला मी नाही वाचवायचं तर कुणी?" मग खिडकीबाहेर बघत, "काम मात्र चांगलं केलंत. तो मिशीवाला भिंग सोडायलाच तयार नव्हता."

घड्याळजी लाजले. एकसष्टाव्या वर्षी माणूस लाजला की त्याचे कान तेवढे लाल होतात.

सेंटरच्या फाटकाशी गतिरोधक होता. पुढची चाकं त्यावरून उतरली, मागची उतरली, आणि मागे डावीकडे, आत कुठेतरी, बारीकसा खट् झाला.

घड्याळजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते त्यांनी तिथेच ठेवले.

"मी काही ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मी ऐकलं." त्यांनी गाडी फाटकापाशीच वळवली. "उघडणार नाही. नुसतं सांगून येतो."

समोर वर्कशॉपच्या दारात फोरमन चहा पीत उभा होता. करडी गाडी परत येताना पाहून त्यानं पेला खाली ठेवला आणि तिथूनच दोन्ही हात जोडले.